क्रोममध्ये गंभीर त्रुटी असल्याचा सरकारी इशारा वाचला. क्रोम काढून टाकावा का? त्याहून सुरक्षित ब्राउझर कोणता?

क्रोम काढू नका. उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं, 'हेल्प', 'अबाउट गूगल क्रोम'. अपडेट उतरलं की 'रीलाँच' दाबा. झालं. हे न करता नुसता ब्राउझर बदलाल तर आहे तिथेच राहाल.

तुम्ही वाचलेला इशारा सर्ट-इनचा, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा असणार. ते असे इशारे फायरफॉक्ससाठीही काढतात, एजसाठीही, आयफोनसाठीही. बहुतेक वेळा इशारा येतो तेव्हा दुरुस्ती आधीच बाजारात आलेली असते आणि इशाऱ्यातच 'अपडेट करा' असं लिहिलेलं असतं. बातमीवाले नेमकं तेवढंच गाळतात आणि वर 'सावधान!' लावतात. मग लोक घाबरून क्रोम काढतात आणि गल्लीतल्या कम्प्युटरवाल्याला विचारतात, आता काय टाकू? तो कम्प्युटरवाला काय सांगतो हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी सांगलीत ठेकेदारांची ई-टेंडरं भरून देते. आता काम स्वतःचं आहे, पूर्वी एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे नोकरीला होते. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. तेव्हा टेंडरवर डिजिटल सही करायची म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर, त्यात जावा, आणि यूएसबीला सहीचं डोंगल. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीपासून जावाचं जुनं प्लगइन (ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्रॅम) कायमचं बंद केलं, त्यामुळे सहीसाठी क्रोमचा पर्यायही उरला नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. ऑफिसचा सपोर्ट बघणारा एक माणूस होता, त्याला सगळे 'इंजिनिअर' म्हणायचे. पोर्टलचं एखादं पान एक्स्प्लोरर ११ वर वेडंवाकडं दिसतं म्हणून त्याने सगळ्या विंडोज ७ मशीनवर एक्स्प्लोरर ८ ठेवला होता. जावा जुनं, आणि त्याची सिक्युरिटी 'मीडियम'वर उतरवलेली. पॉप-अप ब्लॉकर बंद. विंडोज अपडेट बंद, कारण 'अपडेट मारलं की मशीन बसतं'. सहीच्या मशीनवर हे केलं असतं तर मी गप्प बसले असते. पण अकाउंट्सचं मशीन, साइटवरून येणारी मोजमापं टाइप करणाऱ्याचं मशीन, आप्पांचं स्वतःचं, ज्यावर ते बँकेचं नेटबँकिंग करायचे, सगळीकडे तोच अवतार. म्हणे, एकसारखं असलं की सपोर्ट द्यायला बरं पडतं.

माझं म्हणणं साधं होतं. टेंडरला एक मशीन वेगळं ठेवा, डोंगल फक्त त्याला लागेल, त्यावर दुसरी कुठलीही साइट उघडायची नाही. बाकी सगळीकडे फायरफॉक्स टाका. मी पुरावेही दिले. जानेवारी २०१० मध्ये गूगल आणि इतर कंपन्यांवर जो मोठा हल्ला उघडकीला आला, तो एक्स्प्लोररमधल्या दुरुस्त न झालेल्या त्रुटीतूनच झाला होता. त्यानंतर जर्मनीच्या बीएसआय या सरकारी संस्थेने आणि पाठोपाठ फ्रान्सनेही लोकांना सांगितलं, दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा. यावर इंजिनिअर म्हणाला, "ताई, आपल्याला टेंडर जर्मनीत भरायचंय काय?" सगळं ऑफिस हसलं. आप्पाही हसले. ते हसणं मला आजही झोंबतं.

शेवटी कटकट नको म्हणून आप्पांनी मला एक मशीन दिलं, झेरॉक्सशेजारचं, सगळ्यात रडकं. मी त्याला ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हला जोडू दिलं नाही आणि मॉनिटरवर कागद चिकटवला: 'फक्त टेंडर. दुसरं काही उघडणाऱ्याचा चहा बंद.' इंजिनिअरने त्याचंही हसं केलं.

फेब्रुवारी २०१६. मार्चएंडची बिलं, त्यात टेंडरांचा हंगाम. अकाउंट्सच्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तो जेवायच्या सुट्टीच्या आधी 'लग्नपत्रिका मजकूर नमुना' शोधत बसला. यात त्याची चूक काय? काहीच नाही. दुपारी मला म्हणाला, "ताई, एक्सेल उघडंना झालंय." मी बघते तर सगळ्या फाइलींच्या नावामागे 'डॉट मायक्रो' लागलेलं. कामपूर्तीचे दाखले, सीएने दिलेलं उलाढालीचं प्रमाणपत्र, यंत्रसामग्रीची यादी, जुन्या कामांचे दर, सगळं शेअर्ड ड्राइव्हवर होतं आणि सगळं कुलूपबंद. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: फाइली हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बिटकॉइन म्हणजे काय हे आप्पांना समजावण्यात संध्याकाळ झाली.

हा टेस्लाक्रिप्ट नावाचा खंडणीचा प्रोग्रॅम. मी त्या मशीनवर एक्स्प्लोररची हिस्टरी काढली. लग्नपत्रिकेचं शेवटचं पान १२:४१ ला उघडलेलं. पहिल्या बिघडलेल्या फाइलची वेळ १२:५३. मधे काहीही नाही. त्या मशीनवर ईमेल नव्हता, त्या दिवशी पेनड्राइव्ह लागला नव्हता. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि हलती चित्रं दाखवणारा फ्लॅश मात्र महिनोन्‌महिने 'मला अपडेट करा' म्हणून ओरडत होता. त्या काळात असले प्रोग्रॅम असेच यायचे: एखाद्या साध्या साइटवर किंवा तिच्यावरच्या जाहिरातीत घातकी कोड बसवलेला असायचा, तो आलेल्या प्रत्येकाचा ब्राउझर, फ्लॅश, जावा तपासायचा आणि जिथे जुनं सापडेल तिथून आत शिरायचा. क्लिक करायचीसुद्धा गरज नाही. आणि एक्स्प्लोरर ८ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १२ जानेवारी २०१६ लाच थांबवला होता. म्हणजे जेमतेम महिना झाला होता.

मी दोन्ही स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढले, म्हणून आज वेळा सांगू शकते. इंजिनिअर आला, "पेनड्राइव्हमधून आलं असणार" म्हणाला आणि मशीन फॉरमॅट करून मोकळा झाला. पुरावा गेला.

झेरॉक्सशेजारच्या मशीनला काही झालं नाही. दाखल्यांच्या प्रती त्यावर होत्या, त्या आठवड्याचं टेंडर त्यावरूनच भरलं.

आता खरी गंमत. मे २०१६ मध्ये टेस्लाक्रिप्टवाल्यांनी स्वतःच धंदा गुंडाळला. ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या माणसाने त्यांच्याकडे किल्ली मागितली आणि त्यांनी मुख्य किल्ली जाहीर करून टाकली! ईसेटने फुकट सोडवणूक-प्रोग्रॅम काढला. तो आमच्या इंजिनिअरने डाउनलोड केला, चालवला, फाइली उघडल्या, आणि बिलात 'डेटा रिकव्हरी' म्हणून वेगळी रक्कम लावली. आप्पांनी ती दिली. आजही तो गिऱ्हाइकांना सांगतो, मी व्हायरसवाल्यांच्या तोंडातून डेटा काढलाय. ब्राउझरचा विषय निघाला की म्हणतो, त्यात ब्राउझरचा काय संबंध, अँटिव्हायरस एक्स्पायर झाला होता.

तर सुरक्षित ब्राउझर कोणता. ज्याची दुरुस्ती लवकर येते आणि आल्यावर तुम्ही ती बसवता, तो. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर: गिरणी एक, पिशव्या वेगळ्या. सगळे क्रोमियमवर चालतात, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर. क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात (पानातला कोड चालवणाऱ्या भागात) त्रुटी निघाली की ती सहसा या सगळ्यांत असते. क्रोम काढून ब्रेव्ह टाकला तर जाहिराती कमी दिसतील, ती त्रुटी जाणार नाही. आपल्या झोहोचा उला मार्च २०२५ मध्ये सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत पहिला आला, तोही क्रोमियमवरच आहे. वापरा, वाईट नाही. फक्त क्रोमची दुरुस्ती आल्यावर त्यात ती किती लवकर पोचते तेवढं बघत जा.

फायरफॉक्सचं इंजिन खरंच वेगळं आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या एका सामाईक लायब्ररीत त्रुटी निघाली, तेव्हा क्रोम, एज, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स, सगळ्यांना एकदमच धावाधाव करावी लागली. मुद्दाम बनवलेलं एक चित्र दिसलं तरी पुरे होतं. दुरुस्त्या एक-दोन दिवसांत आल्या. ज्यांनी बसवल्या ते सुटले, मग ब्राउझर कुठलाही असो.

तरी वेगळेपणाचा फायदा कधीकधी होतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागातून गूगलच्या नावाची बनावट प्रमाणपत्रं (साइट खरी आहे असं ब्राउझरला सांगणारे दाखले) निघाल्याचं गूगलने पकडलं. विंडोजच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह होतं, म्हणून विंडोजवरच्या एक्स्प्लोररला ती खरी वाटली असती. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो आणि तिच्यात ते नव्हतंच, म्हणून त्याला फरक पडला नाही.

मी स्वतः दोन ठेवते. बँक, जीएसटी, टेंडर यासाठी एज, एकही एक्स्टेन्शन नाही. बाकी सगळी भटकंती फायरफॉक्समध्ये, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. क्रोमने एक्स्टेन्शनांच्या नव्या नियमांखाली पूर्ण यूब्लॉक बंद पाडला, फायरफॉक्समध्ये तो अजून चालतो, आणि जाहिरात अडवणं हा माझ्या मते चैनीचा नाही, सुरक्षेचा भाग आहे. का ते वर सांगितलंच. एक्स्टेन्शनांच्या बाबतीत मी चिंगूस आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ माणसाने दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. टाकताना चांगलं असतं, नंतर मालक बदलतो.

क्रोमबद्दल एक चांगली गोष्टही सांगते, नाहीतर म्हणाल फायरफॉक्सवाली बाई आहे. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. अडचण अशी की त्या मागच्या मागे उतरतात, पण ब्राउझर बंद करून परत उघडेपर्यंत लागू होत नाहीत. आणि आपले लोक पन्नास टॅब उघडे ठेवून लॅपटॉपचं झाकण मिटतात. कोपऱ्यात अपडेटची खूण लाल झाली असेल तर दुरुस्ती येऊन निदान आठवडा झालाय असं समजा.

फोनवर प्ले स्टोअरमधून क्रोमबरोबर 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू'ही अपडेट करा, बरीच ॲप्स आतली पानं त्यातूनच दाखवतात. आयफोनवर आपल्याकडे कुठलाही ब्राउझर टाका, आत सफारीचंच इंजिन असतं, त्यामुळे फोनचं अपडेट महत्त्वाचं. आणि काढायचाच असेल तर यूसी ब्राउझर काढा. २०१५ मध्येच टोरंटोच्या सिटिझन लॅबने तो वापरणाऱ्याची माहिती कशी उघड्यावर पाठवतो ते दाखवलं होतं, २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये तो होता. तरी कुठून कुठून एपीके (ॲपची फाइल) मिळवून वापरणारे मी आजही बघते.

हे सगळं पाळूनही दुरुस्ती यायच्या आधीच एखादी त्रुटी वापरली जाऊ शकते, त्याला इलाज नाही. फोनवर फायरफॉक्स साइटा एकमेकींपासून क्रोमइतक्या वेगळ्या ठेवत नाही, म्हणून फोनवर मी क्रोमच सुचवते. आणि आजकालच्या फसवणुकीत बहुतेकदा ब्राउझरची त्रुटी लागतच नाही. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके येते आणि माणूस स्वतःच्या हाताने बसवतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, बँकेत रांग लावत बसू नका.

एखादी जुनी साइट अजूनही एक्स्प्लोरर मागत असेल तर एजमध्ये 'आयई मोड' आहे, तेवढ्याच साइटपुरता लावा. मूळ एक्स्प्लोरर ११ हा जून २०२२ मध्ये निवृत्त झालाय. विंडोज ७ असेल तर मात्र ब्राउझर बदलून काही उपयोग नाही. क्रोम तिथे १०९ वर थांबलाय, फायरफॉक्सने ११५ ची आवृत्ती बरीच ओढली, पण तीही किती ओढणार. आप्पांच्या ऑफिसात तसलं एक मशीन अजून चालू आहे म्हणे, इंजिनिअरच्या कृपेने. तुमच्याकडे असेल तर त्याची नेटची वायर काढा आणि प्रिंटरला जोडून ठेवा, बिलं छापायला ते अजून बरीच वर्षं चालेल.