नजर गेल्यानंतरचा दिवस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: मोठेपणी दृष्टी गेलेली माणसं आणि त्यांची घरं. म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ४६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. रेटिनायटिस पिगमेंटोझामुळे नजर आक्रसत गेली, आता नळीतून पाहिल्यासारखं तेवढंच दिसतं. दीड वर्ष बहुतेक घरीच आहे. राजीनामा देऊन मोकळं व्हावं, असं नातेवाईक सुचवतात. भेटेल तो ‘सकारात्मक राहा’ म्हणतो. ते नेमकं कसं राहायचं, हे कुणी सांगत नाही. (सातारा जिल्हा)

उत्तर : आधी नोकरीचं, कारण तिथे झालेली चूक नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं. राजीनामा देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं कलम २०(४) असं सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा, पदावर ठेवावं लागतं. स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे तुमची जिल्हा परिषदही, ‘सरकारी आस्थापने’च्या व्याख्येत येतात. मात्र स्वतःहून राजीनामा दिला की हे संरक्षण हातचं जातं.

त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागेल. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तुमच्या आजारात इथेच घोळ होतो: मधली नजर शाबूत असल्यामुळे तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात आणि ‘यांना तर दिसतंय’ असा शेरा पडतो. दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अक्षरं वाचता आली तरी कायद्याने ती अंधताच आहे. म्हणून तपासणीला जाताना दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे पेरिमेट्रीचा, ताजा अहवाल बरोबर असू द्या.

आता मूळ प्रश्न. मन सावरलं की कामाला लागू, असं बहुतेकांना वाटतं. घडतं ते बरेचदा उलट. हात कामाला लागले की त्यांच्या मागून मन येतं, तेही हळूहळू. दीड वर्षात तुमच्या हातून एकेक काम गेलं आहे आणि प्रत्येक कामाबरोबर थोडा थोडा उत्साहही. तो परत आणायचा तर एकेक कामच परत घ्यावं लागेल. सुरुवात सकाळच्या चहापासून करा. रोजचं काम आहे, दहा मिनिटांत होतं आणि फसलं तरी नुकसान कपभर दुधाचं.

पहिले तीन-चार दिवस गॅस न पेटवता फक्त गार पाण्याने सराव करा. शेगडी थंड असतानाच पातेलं हाताने चाचपून बर्नरच्या बरोबर मध्ये ठेवा, गॅस त्यानंतरच पेटवायचा. उलटं केलं तर बाही ज्योतीवर जाते. बटणावर ‘बंद’ आणि ‘मंद’ या दोन जागी एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावून ठेवा, बोटाला लगेच लागतो. पाणी आणि दूध ज्या कपात चहा प्यायचा त्याच कपाने मोजा, दोन्ही मिळून पाऊण कप. एवढंच घेतल्यावर कप ओसंडायचा प्रश्नच उरत नाही. उकळी कानाला कळते: आधी बारीक सूं-सूं, मग मोठी खदखद. चहा ओतताना कप काठाच्या ताटात ठेवा, गाळणी कपावर बसवा आणि पातेल्याची कड गाळणीला टेकवून मगच तिरपं करा. सराव सकाळच्या घाईत करू नका. डबे-दप्तरांच्या गडबडीत कुणीतरी ‘सरा, मी करते’ म्हणतं आणि ते काम पुन्हा हातातून जातं. दुपारी तीनची वेळ चांगली.

कप पांढरा घ्या, त्यात चहाची रेघ उठून दिसते. भातासाठी गडद रंगाचं ताट घ्या. स्टीलच्या चकाकीवर उरलेली नजर फसते.

दुसरं काम पांढऱ्या काठीचं. थोडं दिसणाऱ्यांना ती हातात धरायची फार लाज वाटते. आजच्या काठीधाऱ्याने उद्या मोबाइल वाचला तर लोक ढोंगी म्हणतील, ही भीती असते. म्हणतात काही जण. पण तुमच्या आजारात पहिला घात अंधार पडताना होतो, म्हणून निदान संध्याकाळपुरती तरी काठी घ्याच. लांबी जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असावी. बाजारात सरसकट मिळणारी काठी बरेचदा आखूड असते, मग माणूस वाकून चालतो आणि अडथळा पायाशी आल्यावर कळतो. तर्जनी मुठीवर सरळ ठेवा, हात पोटासमोर पण पोटापासून सुटा. फरशीच्या फटीत टोक अडकलं तर पोटात दणका बसू नये म्हणून. टोक दोन्ही खांद्यांच्या जेमतेम दोन-दोन इंच बाहेर जाईल एवढीच कमान करा. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकलेलं हवं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासलेली असते. नव्या माणसाचा हा ताल चुकतो आणि काठी व पाय एकाच बाजूला जाऊ लागतात. चुकला की थांबा, पुन्हा पहिल्या पावलापासून. आपल्याकडच्या उघड्या गटारांमुळे नुसतं टेकवण्यापेक्षा टोक जमिनीला लावून सरकवणं जास्त भरवशाचं. आणि एक लक्षात असू द्या, काठी कमरेच्या वरचं काही सांगत नाही. उघडी खिडकी, ट्रकचा मागचा फळा, लटकती पाटी यांसाठी अनोळखी जागी मोकळा हात कपाळासमोर आडवा धरा.

हे सगळं एकट्याने पुस्तकातून शिकू नका. ‘नॅब’ (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही संस्था मुंबईत १९५२ पासून काम करते, जिल्ह्याजिल्ह्यांत तिच्या शाखा आहेत. चालण्याच्या आणि मोबाइलच्या प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा. वर्गात परतताना मुलांना आपलं नाव सांगून मग बोलायची सवय लावा, हजेरी मोबाइलवर घ्या. तोंडी गणित, वाचन, पाठांतर, गोष्ट हे तुमच्या हातात आजही आहे.

झोप, भूक आणि कशातही रस नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर मात्र चहा-काठीच्या भरवशावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, केव्हाही लावता येतो.

प्रश्न : सासरे ६८ वर्षांचे. मधुमेहाने दोन्ही डोळे गेले. पूर्वी किराणा दुकानात सकाळी सातपासून उभे असायचे, आता दिवसभर खाटेवर. आम्ही त्यांना काही म्हणजे काही कमी पडू देत नाही, पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो. तरी चिडचिड वाढतेच आहे. ब्रेल शिकवावं का? (बार्शी)

उत्तर : पेला हातात देणं थांबवा, चिडचिडीचं एक कारण बहुधा तिथेच आहे. तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण चाळीस वर्षं गल्ला सांभाळलेल्या माणसाला स्वतः पाणीही घेता येऊ नये, हे त्याला रोज दहा वेळा ऐकवल्यासारखं होतं. माठाची जागा ठरवून द्या, खाटेपासून माठापर्यंतची वाट मोकळी ठेवा. सांडलं तर पुसायला फडकं खुंटीला, तेही ठरलेल्या खुंटीला.

ब्रेलची घाई नको. जुन्या मधुमेहात बोटांच्या टोकांची संवेदना बरेचदा बोथट होते. ब्रेलचे ठिपके जेमतेम अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, ते वेगळे कळले नाहीत तर ‘आता हेही जमत नाही’ एवढंच पदरी पडतं. डब्यांना रबरबँड लावा: साखरेला एक, मिठाला दोन, चहाला तीन. याच मधुमेहामुळे पायांची जाणीवही कमी असते. घरातसुद्धा चप्पल हवी आणि रात्री कुणीतरी त्यांचे तळवे रोज पाहायला हवेत. हे एक काम त्यांच्यावर सोडता येणार नाही.

आणि त्यांना दुकानात न्या, करमणुकीसाठी नव्हे, गल्ल्यावर. आधी गिऱ्हाईक कमी असतं अशा वेळी दोन तास. नोटा नुसत्या स्पर्शाने ओळखणं कठीण आहे. १०० ची नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत बोटाला कळत नाही, उठावाच्या रेघाही वापरून सपाट होतात. म्हणून घड्या: ५०० सरळ, २०० लांबीत दुमडलेली, १०० मधोमध अर्धी, ५० ला दोन घड्या, दहा-वीस वेगळ्या कप्प्यात. गिऱ्हाइकाने नोट देताना रक्कम मोठ्याने सांगायची, नोट त्याच क्षणी दुमडायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. ‘नंतर लावू’ म्हटलं की संध्याकाळी सगळा गल्ला दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजावा लागतो. शंका आली तर रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे मोफत ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची ते बोलून सांगतं, इंटरनेटशिवायही. खरी की खोटी ते मात्र सांगत नाही. ऑनलाइन पैसे आले की रक्कम बोलणारा डबा दुकानात असेलच. इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे त्यांना दिसणार नाहीत, पण जुन्या तराजूची दांडी समतोल झाली की हाताला कळते. पाव आणि अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायचं काम त्यांनी करावं.

हे फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: झाडलोट करताना कुणीतरी माल हलवतं. बरणी चार बोटं सरकली तरी त्यांच्या लेखी ती हरवली. दारांचंही तेच. पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार कपाळमोक्ष करतं.

बाहेर नेताना त्यांना मागून ढकलू किंवा ओढू नका. त्यांनी तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. जिना आला की क्षणभर थांबा, ‘चढ’ की ‘उतार’ एवढं सांगा. जेवणाच्या ताटाबद्दल वेगळं शिकवायला नको, आपली वाढायची पद्धत हाच नकाशा आहे: मीठ वर मध्ये, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. फक्त ती रोज पाळा. घाईत कोशिंबीर उजवीकडे टाकू नका.

प्रश्न : आई ७९ वर्षांची. मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, आजाराने नजर फार कमी. गेला महिनाभर तिला समोरच्या भिंतीवर टोप्या घातलेली लहान माणसं दिसतात. बोलत नाहीत, नुसती फिरतात. तिनेच घाबरत सांगितलं. वेड लागतंय का? शेजारी बाहेरचं बघा म्हणतात. (नाशिक)

उत्तर : हे वेडही नाही आणि बाहेरचंही नाही. वर्णनावरून हा चार्ल्स बॉने सिंड्रोम वाटतो. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या जवळपास नव्वदीच्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, त्यांनाही माणसं, पक्षी, इमारती दिसत. आईला हे आजच सांगा. नुसत्या स्पष्टीकरणानेही भीती बरीच उतरते. दिसू लागलं की दिवा लावायचा, जागा बदलायची, डोके न हलवता नजर काही वेळा डावी-उजवीकडे न्यायची किंवा त्या दिशेने हात पुढे करायचा. चित्र बहुधा विरतं. बऱ्याच जणांत हे कालांतराने विरळ होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घालाच. आवाज किंवा वासही येऊ लागले, ती माणसं खरीच आहेत असं तिला वाटू लागलं, वेळकाळाचा गोंधळ होऊ लागला, किंवा नवं औषध सुरू झाल्यावर हे सुरू झालं असेल, तर कारण दुसरं असू शकतं आणि तपासणीला उशीर करू नये.

प्रश्न : वय २४, अपघातात दृष्टी गेली. सगळे म्हणतात गाणं शीक, गुलाबराव महाराजांचं उदाहरण देतात. मला गाण्यात रस नाही. शाळेत बुद्धिबळ खेळायचो. (अकोला)

उत्तर : मग बुद्धिबळच खेळा. गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणी, काही महिन्यांचे असताना गेली. त्यांची ग्रंथसंपदा थक्क करणारी आहे, पण पाहिलेलं जग गमावण्याचं जे दुःख तुम्हाला आहे त्यावर ते उदाहरण बेतलेलं नाही. दृष्टी गेल्याने आवड बदलत नाही.

अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उचललेली असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खाली खुंटी. एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक असतं, म्हणून हात फिरवला की बाजू कळते. हात लागला तरी सोंगटी पडत नाही. डोळस खेळाडूशी सामना असेल तर दोघांना दोन पट आणि प्रत्येक चाल मोठ्याने बोलायची. ऐकताना ‘बी’ आणि ‘डी’ची गल्लत होते म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्या रांगांना नावं आहेत: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. ‘हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे’ हा नियम तुम्हाला वेगळा लागू होतो, भोकातून उपसली तरच ती हात लावलेली धरतात. पट चाचपणं हा तुमचा हक्क आहे.

अभ्यासाची पुस्तकं ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात पाहा, तिथे दृष्टिबाधितांना वाचता-ऐकता येतील अशा स्वरूपात ती मिळतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे अशा प्रती काढणं कायदेशीर आहे. बोट सरकेल तिथलं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइड मोबाइलमधली ‘टॉकबॅक’ ही सोय दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद दाबून चालू-बंद होईल अशी लावून घ्या. सुरुवातीला बोलण्याचा वेग कमी ठेवा, नाहीतर दोन दिवसांत वैताग येतो.

पट आला की लगेच पूर्ण डाव मांडू नका. ३२ सोंगट्या एकदम डोक्यात राहत नाहीत, दहाव्या चालीला चित्र विस्कटतं. पहिला आठवडा पटावर फक्त दोन राजे आणि तुमचे दोन हत्ती ठेवा, समोरच्या राजाला कडेला रेटत मात द्यायची. दुसऱ्या आठवड्यात राजा आणि वजीर. तिसऱ्यात राजे आणि आठ-आठ प्यादी. समोर घरातलं कुणीही चालेल, फक्त त्यानेही आपली चाल मोठ्याने बोलली पाहिजे आणि तुमच्या पटावरची सोंगटी तुमच्यासाठी हलवायची नाही.