सुईने भरलेलं जेल सुईने निघेल का?

प्रश्न : वय ४१. नऊ वर्षांपूर्वी सुरतेला दोन्ही स्तनांत ‘जेल’ची इंजेक्शनं घेतली. आता उजवीकडे बोराएवढ्या कडक गाठी लागतात. एक बरगडीपर्यंत खाली सरकली आहे. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात ‘स्पष्ट दिसत नाही’ असं आलं. वाळूच्या पुरचुंडीने शेकते. जेल सुईने ओढून निघेल का? कॅन्सर तर नसेल?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, शेक आजच बंद करा. चोळणं, दाबणंही नको. दाबाने जेल आणखी सरकतं.

आधी टोचलं काय, ते शोधा. जुनी पावती, बाटलीचं लेबल, जे सापडेल ते जपून ठेवा. ‘जेल’ या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. हायलुरॉनिक अ‍ॅसिड असतं तर एवढ्या वर्षांत बहुधा विरलं असतं. म्हणून संशय पातळ सिलिकॉनचा किंवा न विरणाऱ्या कृत्रिम जेलचा, म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा. (दुसऱ्यावर चीनने २००६ मध्ये बंदी घातली.) सोनोग्राफीत सिलिकॉन पांढऱ्या धुक्यासारखं दिसतं आणि मागचं सगळं झाकून टाकतं; पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे साठे पाण्याच्या पिशवीसारखे काळे दिसतात.

सिलिकॉन थेंबाथेंबाने मांसात शिरतं आणि शरीर प्रत्येक थेंबाभोवती कडक कवच बांधतं. त्याच तुमच्या गाठी. कवचातलं सुईत येणार कसं? पॉलिअ‍ॅक्रिलामाइड थोडंफार ओढून निघतं, पण कप्प्याकप्प्यांत अडकलेलं मागे उरतं. बरेचदा उघडं ऑपरेशन करून खराब झालेल्या मांसासकट काढावं लागतं. तरी ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फार पसरलं असेल तर पूर्ण स्तन काढायची वेळ येते.

गाठ जेलची की कॅन्सरची, हे हाताने कळत नाही, आणि मॅमोग्राफीत जेल कॅन्सरला झाकतं. म्हणून कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध सोडून) एमआरआय करा. सिलिकॉन वेगळं दाखवणारी चित्रंही मागा. शंका आलेल्या गाठीची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) टाळू नका, मात्र सुई घालण्याआधी जेलबद्दल डॉक्टरांना सांगा. लाज वाटून हे लपवलं की रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. सुरुवात जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत करता येईल.

कातडी लाल, गरम झाली, ताप आला, पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पू झालेल्या जागी लगेच इम्प्लांट (स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी) बसवून घेऊ नका. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे ऑपरेशननंतर विचारा आणि तो रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा.