अरडुशाची पानं रात्रीत साफ, आता काय करू?

प्रश्न : वाघोडियाकडे आमची लहानशी नर्सरी आहे, अरडुसा म्हणजे महारुखाची रोपं करतो, शेतकरी बांधावर लावायला नेतात. पाऊस ओसरला आणि पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या केसाळ अळ्यांनी बेडचे बेड साफ केले, नुसत्या काड्या उरल्यात. काही रोपांचे शेंडे जाळीत गुंडाळलेत. दुकानदार म्हणतो तेज औषध मारा, एका फवाऱ्यात खेळ खलास. मारू का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : दादा, तेज औषध नका मारू. एक तर अरडुशाचा पाला आपल्याकडे शेळ्यांना घालतात, तुमचं रोप ज्याच्या बांधावर जाईल त्याचं जनावर तो पाला खाणार. दुसरं म्हणजे फवारणारा माणूस. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना किती मजूर विषबाधेने गेले ते आठवा, आणि नर्सरीत तर बायामाणसं दिवसभर रोपांत बसूनच काम करतात.

तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अळ्या आहेत. पट्ट्यांची केसाळ ती एलिग्मा. तिचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालतो आणि बारीक अळ्या सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने खातात, म्हणजे रोज सकाळी एक फेरी मारून पानं उलटून बघितली तर अख्खा घोळका एका पानासकट काढता येतो, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचा, झालं. मोठ्या झाल्या की त्या पांगतात, मग हाताने वेचणं फार जिकिरीचं. जाळी करणारी ती दुसरी, अट्टेवा, नारिंगी पंखांवर पांढरे ठिपके असलेला पतंग दिसला असेल तो तिचाच. ही कोवळा शेंडा खाते म्हणून रोपाला फांटे फुटतात आणि सरळ खोड मिळत नाही, तेव्हा जाळीवाला भाग कात्रीने कापून टाका, जीव जळला तरी कापा.

आता एक गोष्ट बरेच जण चुकतात, कोष मारायला माती उकरत बसतात. एलिग्माचे कोष मातीत नसतातच, ते खोडावर सालीच्या रंगाचे चिकटलेले असतात, सालीचेच कण लावलेले, म्हणून नजरेत येत नाहीत. जवळपासच्या मोठ्या अरडुशांची खोडं जरूर बघा, नाहीतर तिथनं परत पतंग येणार. कोष खरवडून लगेच जाळू नका, डब्यात ठेवून वर अशी जाळी बांधा की पतंग अडकेल पण बारीक गांधीलमाश्या निघून जातील. ह्या माश्या कोषातच वाढतात आणि पुढच्या पिढीवर त्याच तुटून पडतात, फुकटची मदत आहे, आणि तेज औषधाने पहिल्या मरतात त्या ह्याच.

फवारायचंच तर ५ टक्के निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळून १० लिटर करा, २० ग्रॅम साबण घाला आणि त्याच दिवशी वापरा. अळ्या जास्त असतील तर बीटी पावडर, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर आणा, पाकिटावर कुर्स्टाकी लिहिलेली, प्रमाण पाकिटावर असतं तेच घ्या. ती पोटात गेली तरच काम करते, म्हणून पानाच्या खालूनही नीट बसली पाहिजे, आणि उन्हाने निकामी होते म्हणून संध्याकाळीच मारा. अळी लगेच मरत नाही, पण काही तासांत खाणं सोडते, तेव्हा दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून दुकानात धावू नका. लहान अळीवर जोर, मोठीवर फारसा नाही.

पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नका आणि युरिया आवरा, कोवळा लुसलुशीत पाला पतंगाला आधी सापडतो.

प्रश्न : छोटा उदेपूरकडे आमचा साग आहे. दरवर्षी पानांची नुसती जाळी होते. झाडं मरतील का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, जाळी म्हणजे शिरा तशाच राहिल्या आणि मधला हिरवा भाग गेला असेल, तर ती सागाची जाळी करणारी अळी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. झाड मरत नाही, फवारणीवर पैसे घालू नका. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पानं जवळजवळ अख्खी खाणारी हायब्लिया अळी मात्र वेगळी. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण सागावर मोजलं तेव्हा हायब्लियामुळे लाकडाची ४४ टक्के संभाव्य वाढ बुडालेली निघाली, जाळीवालीने मात्र वाढीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नव्हता. म्हणून जूनच्या शेवटापासून नव्या पालवीवर नजर ठेवा, खास करून लहान झाडांच्या.