टेक्ससमध्ये रात्री रानडुकरांच्या शिकारीसाठी थर्मल घ्यावं की नाइट व्हिजन?

एकच घेणार असाल तर थर्मल स्कोप (उष्णता टिपून चित्र दाखवणारी बंदुकीवरची दुर्बीण) घ्या, आधी डुक्कर दिसायला तर पाहिजे ना. मिट्ट काळोखात सुद्धा अंगाच्या उष्णतेने ते पांढरंफट्ट उठून दिसतं, फक्त गाडीच्या बंद काचेतून बघू नका, पलीकडचं काही दिसणार नाही. पण रँचवर गुरं असतील तर जपून, कारण बॉक्सवर छापलेली रेंज ही "तिकडे काहीतरी आहे" एवढंच कळण्याची असते, ते डुक्कर आहे की बसलेलं वासरू हे बरंच जवळ आल्यावर कळतं, म्हणून ३८४ पेक्षा ६४० पिक्सेल रुंदीचा सेन्सर परवडत असेल तर तोच बघा.

बजेट नसेल तर डिजिटल नाइट व्हिजन, त्यात शिंगं, कान, मागचं कुंपण सगळं नीट दिसतं पण आयआर (इन्फ्रारेड प्रकाशाचा) टॉर्च लागतो, ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लांब जातो पण समोरून बारीक लाल ठिपका दिसतो, ९४० चा दिसत नाही पण पल्ला कमी. धुक्यात मात्र दोन्ही वैताग.

लायसन्सचं म्हणाल तर २०१९ पासून तिथे खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकरांसाठी हंटिंग लायसन्स लागत नाही. आणि हो, स्कोप बॅगेत टाकून भारतात आणायचं डोक्यात असेल तर सोडा, अमेरिकेचे एक्स्पोर्टचे नियम यात फार कडक आहेत.