जल्पक नव्हे, वैतंडिक

प्रश्न असा आला आहे : समाजमाध्यमांवर टीका झाली की नेतेमंडळी ‘मला ट्रोल केलं’ म्हणतात. ट्रोलला मराठीत ‘जल्पक’ म्हणतात, मग टीकाकारही जल्पकच का?

आधी ते ‘ट्रोलर’ म्हणणं थांबवा. करणारा तो ट्रोल. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेण्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकात युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरची मुरलेली मंडळी नवख्यांना गळाला लावण्यासाठी मुद्दाम खुळचट विधानं टाकत, तिथून ‘मुद्दाम डिवचणारा’ हा आजचा अर्थ आला. स्कँडिनेव्हियन लोककथांतला ‘ट्रोल’ नावाचा गुहेतला राक्षस मागाहून चिकटला, तरी कौतुक त्याचंच.

आता जल्पक. वृत्तपत्रांनी तो रूढ केला. ‘जल्प म्हणजे बडबड’ एवढाच त्याचा आधार. बडबड्या आणि ट्रोल एकच? न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतम ऋषीच्या न्यायसूत्रांचं पान तरी उलटायचं! तिथे चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी वाद. जिंकण्यासाठी जल्प, त्यात छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अर्थ फिरवणंही चालतं. छलाचं न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेलं उदाहरण पाहा : ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे नवं कांबळं पांघरलेला. पण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नऊही. प्रतिपक्षी लगेच म्हणतो, ‘नऊ कुठे? एकच तर दिसतंय!’ कुठल्याही राजकीय पोस्टखाली हा इसम भेटतो. तरीही जल्प करणाऱ्याला स्वतःची बाजू असते आणि ती तो मांडतो.

तिसरी वितंडा : ‘स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा’. स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त मोडायचं. हे करणारा वैतंडिक. (‘वितंडवाद’ या जोडशब्दाने तर गौतमाने कपाळावर हात मारला असता, वाद आणि वितंडा त्याने मुद्दाम वेगळे काढले होते.)

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीचं, म्हणजे पगारी ट्रोल पोसणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या. मे २०१६मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या एका इस्लामिक केंद्रासमोर दोन गट आमनेसामने आले, एक इस्लामविरोधी, दुसरा मुस्लिमांच्या बाजूचा. दोन्ही निदर्शनांची हाक देणारी फेसबुक पानं याच एजन्सीची होती. तिला दोन्हींपैकी एकही बाजू मांडायची नव्हती, लोक एकमेकांशी भिडले की काम झालं. फेब्रुवारी २०१८मध्ये अमेरिकेत तिच्यावर आरोपपत्र दाखल झालं. असल्यांना जल्पक म्हणणं हा जल्पाचा अपमान आहे. कोवळे अंकुर राखायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा वापरावेत, असं सूत्रकार सांगतो. इथे रक्षण कशाचं चाललंय? म्हणून नुसती वितंडाही नव्हे, पगारी वितंडा!

हां, टीकाकाराचं राहिलंच. कामाचा हिशेब मागणारा माणूस पुरावा देतो, आपलं म्हणणं मांडतो, तो वादी. त्यालाही ‘ट्रोल’ म्हणून उत्तर टाळणारा नेता एकाच शब्दाचे दोन अर्थ सोयीने फिरवतो आहे. म्हणजे पुन्हा नवकंबलच.