आधी यिर्मया, मग यिर्मयावरची पुस्तकं

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचं ग्रीक भाषांतर आपल्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे, अध्यायांचा क्रमही वेगळा आहे, हे सेमिनरीच्या वर्गात ऐकलंस आणि तुझी झोप उडाली. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांना फोन केलास, तर ते म्हणाले, "अक्षर मारतं, आधीच सांगितलं होतं, परत ये आणि संडे स्कूल सांभाळ." वर्गमित्र म्हणतात, असल्या गोष्टींनी घाबरणाऱ्याने अभ्यासाच्या वाटेला जाऊच नये. आता तू मला विचारतेस, सेवा की अभ्यास? आणि खाली पुस्तकांची यादी जोडून विचारतेस, यातलं आधी कुठलं वाचू?

त्या यादीत यिर्मया नाही.

मी दोनदा बघितलं. यिर्मयावरची पुस्तकं आहेत, पाठचिकित्सेवरची, म्हणजे जुन्या प्रती ताडून बघण्याच्या शास्त्रावरची, आहेत, कुणाचा तरी पीएच.डी.चा प्रबंध आहे. यिर्मया नाही. अगो, ज्या पुस्तकामुळे तुझी झोप उडाली ते पुस्तक तू शेवटचं सलग कधी वाचलंस? वचनं नाही विचारत, पुस्तक विचारतोय. बावन्न अध्याय. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, मोठ्याने वाच, मराठीत वाच. एका शनिवारात होतं, फार तर रविवारची दुपार लागेल.

वाचता वाचता तू छत्तिसाव्या अध्यायाशी येशील. तिथे थांब. यहोयाकीम राजा हिवाळ्यातल्या महालात बसलाय, पुढ्यात शेगडी पेटलेली आहे. यिर्मयाने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवताहेत. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जाळून होते. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि अध्यायाच्या अगदी शेवटच्या वचनात आहे की जळालेलं सगळं तर लिहिलंच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात घातल्या.

कळलं? एक लहान गुंडाळी होती आणि नंतर एक मोठी झाली, हे कुठल्या जर्मन प्राध्यापकाने शोधून काढलेलं नाही. पुस्तक स्वतःच सांगतंय. पुढे लोक यिर्मयाला मिसर देशात घेऊन गेले, हे त्रेचाळिसाव्या अध्यायात आहे. म्हणजे त्याचे शब्द एका ठिकाणी, एकाच प्रतीत राहिले नाहीत, हेही पुस्तकातच. छत्तिसावा अध्याय सगळ्या प्रश्नांचं उत्तर देतो असं मी म्हणत नाही. ग्रीक भाषांतर ज्या हिब्रू प्रतीवरून झालं ती त्या पहिल्या गुंडाळीची नक्कल होती, असंही कुणी म्हणू नये. पण देवाचं वचन आकाशातून छापील पडलं अशी समजूत मनात असेल, तर ती यिर्मयाने तुला दिलेली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली, आणि यिर्मया न वाचता तू ती घेतलीस.

हे झाल्यावर मग प्राध्यापकांकडे जा. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत, १९५२ साली सापडलेल्या तुकड्यांमध्ये यिर्मयाच्या हिब्रू प्रती आहेत. त्यातला एक तुकडा त्या लहान ग्रीक पाठाशी जुळतो, दुसरे आपल्या मोठ्या पाठाशी. म्हणजे ग्रीक भाषांतर करणाऱ्याने कंटाळून वचनं गाळली असं सहज म्हणता येत नाही. दोन्ही पाठ हिब्रूत होते आणि एकाच ग्रंथसंग्रहात ठेवलेले होते. हिब्रू बायबलच्या पाठांचे अभ्यासक इमॅन्युएल टोव्ह यांनी यावर बरंच लिहिलंय, ते तुझ्या यादीत आहेत, चांगलंच आहे. वाच. पण आधी यिर्मया.

"अक्षर मारतं" म्हणणाऱ्यांचं काय करायचं? त्यांना दुसरं करिंथकर तिसरा अध्याय सगळा वाचायला सांग. तिथे पौल दगडी पाट्यांवर कोरलेल्या मोशेच्या कराराबद्दल बोलतोय, सेमिनरीच्या ग्रंथालयाबद्दल नाही. तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, येताना त्रोवसात राहिलेला झगा आण आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. मरण समोर दिसतंय, थंडी वाजतेय, आणि माणसाला पुस्तकं हवीत. अर्थात हे त्यांना रागाने सांगू नकोस. त्यांनीच तुला अक्षरओळख होण्याआधी स्तोत्रं पाठ करून घेतली.

सेवा की अभ्यास या प्रश्नावर मात्र मला राग येतो. हा प्रश्न ज्याने पुस्तक वाचलं नाही त्यालाच पडतो.

गोव्यात, डिचोलीतल्या आपल्या मंडळीत बसणारे कोण होते, तुला आठवत असेल. ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणीवरचे मजूर आणि त्यांच्या घरची माणसं. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ट्रक दारात उभे, टायरांखाली दगड लावलेले, बँकेचे हप्ते चालूच. त्या दिवसांत बाहेरून एक प्रचारक आले. माणूस गोड बोलणारा. त्यांनी यिर्मया एकोणतीस, वचन अकरा उघडलं, तुमच्यासाठी हिताचे संकल्प आहेत म्हणाले, आणि पुढे म्हणाले, प्रभूने मला दाखवलंय, दोन वर्षांत तुमचे ट्रक धावतील. लोक रडले. मीही भारावलो असतो, पण अठ्ठाविसावा अध्याय डोक्यात होता. दोन वर्षांत सगळं परत येईल असं यहूद्यांच्या बाबेलातल्या बंदिवासाबद्दल कोण म्हणाला होता? हनन्या, यिर्मयाच्या काळचा खोटा संदेष्टा. आणि यिर्मयाने कैद्यांना जे पत्र लिहिलं त्यात अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि दहाव्यात सत्तर वर्षं आहेत. त्याच्याही आधी आहे की घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा.

पुढच्या रविवारी मी ते अख्खं पत्र वाचलं. कोणी "हालेलुया" म्हटलं नाही. एकाने नंतर ट्रक विकला आणि म्हापशाला भाजीचं दुकान टाकलं. तो अजून भेटला की यिर्मयाचं पत्र काढतो.

आता सांग, ती सेवा होती की अभ्यास?

आणि यिर्मया हनन्याला लगेच खोटारडा म्हणत नाही बघ. आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. मग निघून जातो. परत येतो तो परमेश्वराचं वचन घेऊन. हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण लोक वचनं वाचतात, अध्याय वाचत नाहीत.

मला लोकांनी आयुष्यभर ऐकवलं की सर, तुम्ही पुण्याला गेला असता, बंगळूरला गेला असता तर डॉक्टरेट मिळवली असती. खरं आहे. आई अंथरुणाला खिळलेली होती, शाळेची नोकरी सोडता येत नव्हती, आणि हिब्रूची मुळाक्षरं मी निवृत्तीनंतर गिरवली. त्याची खंत आहे. तुझ्या वयात ती भाषा आली असती तर आज वचनागणिक कोश उघडावा लागला नसता. पण एक पुस्तक घेऊन वर्षानुवर्षं त्याच्यापाशी बसण्याला लोक आळस म्हणतात, ते मी मान्य करणार नाही. दर रविवारी नवा विषय घेणाऱ्यांचे संदेश, म्हणजे प्रवचनं, मी ऐकलेत. मला पुढे जाण्याची घाई नव्हती, आणि नव्हती तेच बरं होतं असं मला अजून वाटतं. कोणी याला हट्ट म्हणो.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. मधला काळ मोज. जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचे होते, त्यांच्या सगळ्या शिकवणीशी आपलं जमणार नाही, पण आपल्या गोव्यात मराठी ओवीत शास्त्र सांगायला इतका वेळ देणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. पणजीला पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन ते पुराण चाळ. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली, हिब्रू आणि ग्रीक शिकून. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. बाईने शास्त्र शिकून काय करायचं असं तुला मंडळीत कोणी विचारलं, तर वाद घालू नकोस, रमाबाईंचं नाव घे आणि चहा दे.

यादी हवीच असेल तर घे. यिर्मया, पवित्र शास्त्रातला, सलग तीनदा. तिसऱ्या वेळी रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेवून. हिब्रूचं व्याकरण रोज, सुट्टीतसुद्धा, आत्ताच. मग ख्रिस्तोफर राइट यांचं यिर्मयावरचं पुस्तक. हे गृहस्थ १९८० च्या दशकात पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जुना करार शिकवत होते, आपल्याकडची मंडळी त्यांनी पाहिलेली आहे आणि ते लिखाणात कळतं. मग टोव्ह. बाकीची यादी ठेव बाजूला. आणि मराठीसाठी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. तुझे हल्लीचे संदेश ऐकले की असं वाटतं, तू इंग्रजीत विचार करून मराठीत बोलतेस. डिचोलीतली म्हातारी पहिल्या पाच मिनिटांत झोपेल.

एम.टीएच.चा, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा, अर्ज भर. पण त्या दोन वर्षांतही एक रविवारचा वर्ग कुठेतरी घेच, मुलांचा असला तरी चालेल. त्यांना यिर्मया सांगून बघ. हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडलं आणि त्याच्या जागी लोखंडी आलं, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

चतुर्थीच्या सुट्टीत येशील तेव्हा छत्तिसावा अध्याय न बघता सांगून दाखव. आणि एक काम कर. तेहतिसाव्या अध्यायातली १४ ते २६ ही वचनं ग्रीकमध्ये मुळीच नाहीत. दाविदाच्या अंकुराबद्दलची, म्हणजे त्याच्या वंशात येणाऱ्या राजाबद्दलची, आपण नाताळात वाचतो तीच. ती का नसावीत, यावर तुझे प्राध्यापक काय म्हणतात ते विचारून मला कळव. माझं एक मत आहे, पण ते तू यिर्मया वाचल्याशिवाय सांगणार नाही.

तुझे,
सर