‘कोरबान’ म्हणजे बळीच ना?

तुम्ही विचारलंय की हिब्रू बायबलमधल्या ‘कोरबान’चा अर्थ सरळ ‘बळी’ असा घ्यायचा की त्यात आणखी काही आहे. भाषांतर म्हणून बळी खपून जातो. पण मूळ शब्दात ना मारणं आहे, ना रक्त, ना त्याग. त्यात आहे ते फक्त ‘जवळ’.

हिब्रू शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असतात. इथला धातू क-र-ब. ‘कारोव’ म्हणजे जवळचा, ‘क्रोविम’ म्हणजे नातेवाईक. आपणही ‘जवळची माणसं’ म्हणतोच की. (स्वरानंतर आलेल्या ब चा उच्चार व होतो, त्यामुळे गोंधळू नका.) ‘क्राव मगा’ हा मारामारीचा प्रकार ऐकला असेल. त्यातला ‘क्राव’ म्हणजे लढाई, आणि तोही याच घराण्यातला; अंगाशी भिडल्याशिवाय कसली लढाई! याच धातूचं प्रयोजक रूप ‘हिक्रीव’, म्हणजे ‘जवळ आणलं’. जे देवाजवळ आणलं, ते कोरबान. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकात (1:2) हे क्रियापद आणि हे नाम एकाच वाक्यात आलेत, त्यामुळे नातं लपतच नाही.

मला याला सर्वांत जवळचा वाटतो तो आपला ‘उपहार’. उप म्हणजे जवळ, हृ म्हणजे आणणं. घडण अगदी तीच. (हॉटेलच्या पाटीवरचा ‘उपाहार’ वेगळा, कृपया तो अर्पण करू नका.)

कोरबानला जनावर लागतंच असंही नाही. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात सपीठ, तेल आणि धूप यांचं अर्पण आहे, आणि त्यालाही कोरबानच म्हटलंय. पाचव्या अध्यायात तर ज्याला मेंढरू परवडत नाही त्यानं दोन पारवे आणावेत, तेही जमत नसेल तर थोडं पीठ आणावं, अशी सोय आहे. कापण्यासाठी हिब्रूत वेगळा शब्द आहे, ‘झेवाख’. वेदीला म्हणतात ‘मिझबेआख’, तो त्याच्यावरूनच आलाय.

आता तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, ते बरोबर आहे. बकरी ईदची ‘कुर्बानी’ याच गोतावळ्यातली. अरबी ‘कुर्बान’ आणि हिब्रू ‘कोरबान’ भावंडं आहेत, फारसीमार्गे ते रूप आपल्याकडे आलं. ‘करीब’ हाही त्याच धातूचा. केरळातले सीरियन ख्रिस्ती आपल्या मुख्य उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात, आणि तिथे वेदीवर असतात भाकर आणि द्राक्षारस.

गंमत पुढे आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथली अर्पणं थांबली. यज्ञाची जागा प्रार्थनेनं घेतली, पण शब्द जिवंत राहिला. आजच्या इस्रायलमध्ये वर्तमानपत्र उघडलंत तर ‘कोरबानोत’ दिसतील ते रस्त्यावरच्या अपघातांत किंवा युद्धात मेलेले लोक. आपल्या बातम्यांत ‘अपघाताचे बळी’ असतात, तसेच.

आणि हा प्रवास आपल्या शब्दानंही केलाय! संस्कृतात ‘बलि’ म्हणजे अर्पण, राजाला दिलेला करसुद्धा. पितृपक्षात गच्चीवर ठेवतो तो काकबळी आठवा. भाताचा घास असतो तो, त्यात कोणी मरत नाही, उलट कावळ्यानं जवळ यावं म्हणून आपणच ताटकळत उभे असतो.

म्हणून मी भाषांतर करताना साधं ‘अर्पण’ लिहितो. तुम्हाला बळीच लिहायचा असेल तर खुशाल लिहा, फक्त तो काकबळीतला धरा, बातमीतला नको.